पहिल्या दिवसाचे दात

आईचा हसतानाचा एकही फोटो आमच्या घरात नाही. लग्नाच्या अल्बममध्ये ती ओठ घट्ट मिटून उभी आहे. नारायणगडाच्या जत्रेत पाळण्यासमोर काढलेल्या फोटोत तशीच, आणि मोबाइल आल्यावर मी चोरून काढलेल्या फोटोंतही तशीच, कारण तिला मोबाइलचा वास यायचा. एरवी ती पुष्कळ हसायची. हसू आलं की पदराचं टोक आपोआप तोंडावर जायचं. खुरपताना हात मातीत असले तर मान फिरवून हसायची. तिचे वरचे दात पुढे होते. माझेही तसेच आले.

शाळेत मला किसणी म्हणायचे. मी कुणाला भीक घालत नसे, म्हणणाऱ्यांपैकी एकाचंही तोंड बघण्यासारखं नव्हतं. पण शाळेच्या गॅदरिंगला आईनं मला ओढणीनं तोंड झाकून हसताना पाहिलं. रात्री भाकरी थापताना वडिलांना म्हणाली, "हिच्या दाताचं काय तरी बघायचं. हिनं माझ्यावानी तोंड झाकायचं न्हाई."

वडिलांना मी अण्णा म्हणते. अण्णांचं मत असं होतं, की दात चावायला असतात आणि पोरीचे दात चावतात. "कावून उगं दवाखाना मागं लावून घ्यायचा?" ते म्हणाले. पण आईचं एकदा ठरलं की अण्णांचं मत हे नुसतं मत राही.

अंबाजोगाईला दात सरळ करणाऱ्या एक डॉक्टर मॅडम होत्या. पहिल्याच दिवशी आईनं त्यांना प्रश्न विचारून भंडावून सोडलं. दात हाडात पक्के असतात, मग ते सरकतात कसे? हलवून हलवून पडायचे तर नाहीत? मॅडमही चिवट होत्या. त्यांनी सांगितलं, की दातावर सतत थोडा थोडा दाब राहिला तर त्याच्या पुढचं हाड झिजतं आणि मागं नवीन भरत येतं, म्हणून दात जागचा हलतो; घाई केली तर मुळाला इजा होते, म्हणून दीड-दोन वर्षं धरून चाला. न दिसणारे पारदर्शक साचेही मिळतात, पण ते जेवण सोडून दिवसरात्र तोंडात ठेवायचे असतात, आणि माझ्या दातांना बराच पल्ला गाठायचा होता, तेव्हा तारच बरी. शिवाय जागा करण्यासाठी वरचे दोन आणि खालचे दोन दात काढावे लागणार होते.

"किडलेत का ते?" आईनं विचारलं.

"नाही, चांगले आहेत. पण जागाच नसेल तर पुढचे दात मागं जातील कुठं?"

आई म्हणाली, "बराबर हाय. दाट उगवलं की विरळणी करावीच लागती." मॅडम हसल्या, आणि आई पदराआड हसली.

त्या दिवशी माझ्या तोंडात थंडगार लगदा भरलेला साचा दाबून दातांचं माप घेतलं. त्यावरून प्लास्टरचे दात तयार करतात, म्हणजे सुरुवात कुठून झाली ते समोर राहतं. मला ओकारी येत होती आणि आई माझी पाठ चोळत होती.

दात काढायच्या दिवशी हिरडीत सुई दिली आणि थोड्या वेळात अर्धा चेहरा माझा राहिला नाही. मॅडम म्हणाल्या, "बधिरपणा उतरेपर्यंत काही खाऊ नको. ओठ चावला गेला तरी तुला कळणार नाही." आईनं हे फारच मनावर घेतलं. अंबाजोगाईपासून गावापर्यंत एसटीत ती माझ्या तोंडावर नजर लावून बसली. माझा ओठ दातांकडे गेला असं वाटलं की हनुवटीला बोट लावायची आणि म्हणायची, "चावू नकू." बाकीचे प्रवासी बघत होते. मला लाज वाटत होती.

मग तार बसली. दर महिन्याला ती आवळून घ्यायची, दोन दिवस भाकरी दुधात कुस्करून खायची, आणि गालाला टोचलं की तिथं मेण लावायचं. ऊस पूर्ण बंद. घराच्या पाठीमागं ऊस उभा असताना त्याचे करवे चोखायचे नाहीत, ही शिक्षा काय असते ते आमच्याकडच्या माणसालाच कळेल. तारेवर बारीक रंगीत रबरं लावतात, त्यांचा रंग दर वेळी आई ठरवायची. आपल्या हातातल्या बांगड्यांकडे बघायची आणि त्याच रंगाकडे बोट दाखवायची.

पुढच्या पावसाळ्यात आई गेली. ताप आला, उतरला, परत आला, आणि त्यातच गेली. याहून जास्त मला सांगता येत नाही. आठवतं ते एवढंच, की आत्या माझ्या गळ्यात पडून रडत होती आणि तिचं कपाळ माझ्या तोंडावर आदळलं. तार ओठात रुतली. रक्त आत्याच्या लुगड्याला लागलं आणि मला दुखलं नाही.

"पोरगी रडंना," बायका म्हणत होत्या. "हिला रडवा गं." एक जण आईची चप्पल माझ्यापुढं घेऊन आली. मी चप्पल जागेवर नेऊन ठेवली.

तार आवळायची तारीख सुतकात निघून गेली. तेरावं झालं आणि अण्णा म्हणाले, "चल." दवाखान्यातल्या ताईनं रबरांचा डबा पुढं धरला आणि कुठला रंग म्हणून विचारलं. मी म्हटलं, "कोणतापण." तिनं करडी लावली. पुढं मग दर महिन्याला करडीच. अण्णा बाहेर बाकावर बसून राहायचे. येता-जाता आम्ही एकमेकांशी बोलायचो ते तिकिटापुरतं आणि पाण्याच्या बाटलीपुरतं. मी कॉलेजला जात होते, स्वयंपाक करत होते, पास होत होते. लोक म्हणायचे, पोरगी लई खंबीर हाय. खंबीर कसली, मला काही वाटतच नव्हतं.

एकदा केस विंचरताना आरशात नीट बघितलं. दात बरेच आत गेले होते. ओठ आता आपसूक मिटत होते. पहिल्यांदाच माझ्या लक्षात आलं, की आईसारखं माझ्या चेहऱ्यावर जे होतं, ते आम्ही दर महिन्याला अंबाजोगाईला जाऊन थोडं थोडं काढून टाकतोय. आईचं हसू बघायला दुसरी जागाच नव्हती. फोटोत ते नव्हतंच.

पुढच्या खेपेला मी मॅडमना म्हटलं, "तार काढून टाका. दात पहिल्यासारखे होऊ द्या."

मॅडमनी हातातला चिमटा खाली ठेवला आणि अण्णांना आत बोलावलं. त्या म्हणाल्या, की मधेच तार काढली तर फटी राहतील, दात वाटेल तसे कलतील, चावताही येणार नाही. चार दात तर गेलेलेच आहेत, पहिल्यासारखं आता होणार नाही.

अण्णांनी माझ्याकडे बघितलं नाही. "तिनं सुरू केलंय," ते म्हणाले. "पुरं होऊ द्या." मला त्यांचा राग आला, पण तोही लांबून, दुसऱ्या कुणाला आल्यासारखा. मी तोंड उघडलं आणि मॅडमनी तार आवळली.

शेवटी तार निघाली. दात इतके गुळगुळीत लागत होते, की जीभ त्यांच्यावरून घसरत होती. ताईनं हौसेनं आरसा धरला. दात सुंदर होते, आणि कुणाचेच नव्हते. मॅडमनी रात्री घालायची प्लेट दिली आणि बजावलं, की दात मागच्या जागेकडे ओढ घेतात, प्लेट चुकवायची नाही. मग एक पुठ्ठ्याचा खोका दिला. "पहिल्या दिवशी माप घेतलं होतं ना, ते हे. आता आम्हाला लागत नाही."

घरी आल्यावर खोका ओसरीवर राहिला. संध्याकाळी अण्णांनी तो उघडला. आत्या आलेली होती, ती म्हणाली, "आगं बया. दात कुनी घरात ठिवतं व्हय? टाकून दे." अण्णांनी वरचा जबडा तळहातावर घेतला आणि त्या पुढं आलेल्या पांढऱ्या दातांवरून अंगठा फिरवला. कितीतरी वेळ ते तसेच फिरवत राहिले.

"हसली की आसंच दिसायचं तिचं," ते म्हणाले. "मला लई आवडायचं. कदी बोललो न्हाई तिला. वाटायचं, कळत आसंल."

मी खालचा ओठ दातांखाली घट्ट धरला, आणि तो दुखला. इतका दुखला, की मी रडायला लागले.