नवसाबाईचा पेला

मखमलाबादच्या मळ्यातला झेंडू नवसाबाईनं नाशिकच्या फुलबाजारात इतकी वर्षं विकला तो तोंडाच्या जोरावर. कुणी भाव पाडून मागितला की ती त्याच्या सात पिढ्यांची चौकशी करायची आणि गिऱ्हाईक हसत हसत तिचाच भाव देऊन जायचं. सत्त्याण्णवच्या दिवाळीनंतर त्याच तोंडात, जिभेच्या कडेला, जखम निघाली. डॉक्टर म्हणाले, कॅन्सर आहे, अर्धी जीभ काढावी लागेल. बोलणं परत येईलच असं नाही.

हे ऐकलं तिच्या दोन लेकरांनी. महेश थोरला, मळा बघणारा. सुवर्णा सातपूरला दिलेली. दवाखान्याबाहेर येताच महेश म्हणाला, "आईला यातलं काही सांगायचं नाय. उष्णता हाय, बारीक गाठ काढायची हाय, बास."

"आणि शुद्धीवर आल्यावर तिनं विचारायचं कशानं, दादा?"

महेशनं मोटारसायकलला किक मारली.

जिला सांगायचं तिला सोडून त्यानं सगळ्या भावकीला सांगितलं. मग माणसांची रीघ लागली. यायचे, नवसाबाईच्या तोंडाकडे टक लावून बघायचे, "उष्णतेनं होतं असं" म्हणायचे आणि ओट्यावर जाऊन कुजबुजायचे. बाई काय होती, बाजार कसा गाजवायची. मेल्या म्हशीला मणभर दूध असतं म्हणतात, इथे तर म्हैस आत बाजेवर जिवंत बसली होती. पाण्याला मात्र कुणी शिवेना. उष्ट्यातून हा रोग लागतो, अशी आवई कुणीतरी उठवली होती. महेशच्या बायकोनं सासूचा पितळी पेला मोरीत वेगळा पालथा घातला आणि ओळखीसाठी त्याला लाल दोरा बांधला. तो दोरा बघून सुवर्णाला शिसारी आली. रोगाची नव्हे, माणसांची.

सगळ्यांवर कडी केली अक्काबाईनं, नवसाबाईच्या थोरल्या नणंदेनं. दिवसभर बाजेशी बसून ती मिसरी लावायची. तव्यावर काळी होईस्तोवर भाजलेली तंबाखू बोटानं हिरड्यांवर चोळायची आणि काळं पाणी दाराच्या कडेला पिचकन थुंकायची. तिथली भिंत ओघळांनी काळी झाली होती. वर भावजयीपुढे डबी धरायची. "नवसा, चिमूटभर दाबून धर. बधीर होतं, ठणका कळत नाय."

आणि नवसाबाई धरायची. जखम निघाल्यापासून तिचं हेच चाललं होतं. मिसरी म्हणजे दाताचं औषध, हे या घरातल्या बायकांच्या डोक्यात पक्कं बसलेलं होतं. एकदा सुवर्णानं ती डबी हिसकून उकिरड्यात फेकली, तर महेश तिच्यावरच उखडला. "आत्या थोरली हाय. मान ठेव जरा."

ऑपरेशनच्या आदल्या सकाळी मात्र सुवर्णाला राहवलं नाही.

"आई, उष्णता नाय. कॅन्सर हाय. तंबाखूनं झालाय, डॉक्टर म्हणाले. उद्या अर्धी जीभ काढणार. मग बोलता येईल का नाय, कुणालाच सांगता येत नाय. कुणाला काय बोलायचं असेल तर आज बोल."

नवसाबाईनं विचारलं, "मह्याला म्हाईत हाय?"

"हां."

"आन् गावाला?"

"हां."

"थू," नवसाबाई म्हणाली. मग म्हणाली, "वन्संला बोलाव."

सुवर्णाला मनातून बरंच वाटलं. आईच्या ठेवणीतल्या शिव्या आज योग्य जागी पडणार होत्या. गडबडीनं महेशही आत आला.

"वन्सं, तोंड उघडा," नवसाबाई म्हणाली.

अक्काबाई हसली, पण तिनं तोंड उघडलं. नवसाबाईनं तिची हनुवटी धरून चेहरा दाराच्या उजेडाकडे वळवला आणि बोटानं गाल ओढला. हिरड्या काजळीसारख्या काळ्या. त्यांच्या मागे, गालाच्या आत, एक पांढरा चट्टा.

"ह्यो कव्हापासून हाय?"

"असंल दोन-चार महिनं. दुखत नाय."

"माझा बी आधी असाच पांढरा होता," नवसाबाई म्हणाली. "दुखत नव्हता."

अक्काबाईनं तोंड मिटलं. थोड्या वेळानं तिनं पाणी मागितलं. सुवर्णा मोरीत गेली, लाल दोऱ्याचा पेला सुलटा करून भरला आणि तिच्यापुढे धरला. अक्काबाईनं दोरा बघितला, आणि पेला तोंडाला लावून सगळं पाणी प्यायली.