काहून

मी अमरावतीच्या कॉलेजात राज्यशास्त्र शिकवतो. स्वातंत्र्य आणि सरकार यांवरचा एक जुना ग्रंथ अभ्यासक्रमात आहे आणि दरवर्षी मुलं त्याच्यासमोर पेंगतात. यंदा मी चिडून पुस्तक मिटलं. म्हणालो, "सोडा सगळं! सरकारनं कोणत्याई गोष्टीले मनाई केली, का त्याले एकच इचारा, काहून? उत्तर देता आलं नाई, तं मनाई गेली उडत. झाला ग्रंथ!"

वर्ग खडबडून जागा झाला. पुण्यात शिकताना माझ्या याच वऱ्हाडी 'काहून'ला, म्हणजे साध्या 'का?'ला, लोक हसायचे. उद्धट वाटतं म्हणे. अहो, ज्याच्याकडे उत्तर नसतं त्यालाच ते टोचतं!

माझी मुलगीही त्याच वर्गात बसते. संध्याकाळी तिनं मैत्रिणींबरोबर कौंडण्यपूरच्या जत्रेला जायचं काढलं.

"नाही जायचं," मी म्हणालो.

"काहून?"

मी पंख्याकडे पाहिलं, खिडकीकडे पाहिलं. "मी म्हणतो म्हणून."

स्वयंपाकघरातून बायको खदखदून हसली. "पडलं वं पोरी, तुह्या बाबाचं सरकार!"

सकाळी मुलगी चपला घालता घालता म्हणाली, "बाबा, मी जत्रेले जाऊन राहिली." सांगून गेली. विचारून नाही.