सायकलची पेटी

केशव गेल्याचं मला जिनिंगमध्ये कळलं. दुपारची वेळ होती. आर्वीच्या आमच्या जिनिंगच्या आवारात मी कापसाच्या गाड्यांना नंबर लावत होतो. त्याच्या गावच्या एका गाडीवानानं जू खाली टेकवता टेकवता सांगितलं, "तुमचे केशवराव गेले जी. कावीळ झालती. आज तिसरा दिवस हाय." मी त्याच्या गाडीचा नंबर लिहिला, मग मागच्या गाडीचा, मग तिच्याही मागच्या... खोटं कशाला बोलू, आधी रडू आलंच नाही. आधी आला तो राग. दोन वर्षं मी एका उत्तराची वाट पाहत होतो आणि हा गृहस्थ उत्तर न देताच निघून गेला. कुठेही उशिरा पोचणं ही त्याची जुनी खोड. वेळेआधी तो आयुष्यात एकदाच गेला, तोही असा.

आज दीड महिना झाला. पुरवणीच्या संपादकांनी मित्राविषयी लिहा म्हणून कळवलं तेव्हा मी नकाराचं कार्ड लिहून ठेवलं होतं. गेलेल्याबद्दल वावगं बोलू नये म्हणतात. पण केशवबद्दल चांगलं इतकं आहे की वाईट लिहिल्याशिवाय त्या चांगल्याला काही अर्थ उरत नाही, म्हणून दोन्ही लिहितो.

आम्ही वर्ध्याला एका शाळेत, एका बाकावर होतो. तो बऱ्यापैकी शेतीवाडी असलेल्या कुणब्याच्या घरचा आणि मी तळेगावच्या अलीकडच्या एका खेड्यातल्या महारवाड्यातला. बाकावर माझ्याशेजारची जागा रिकामी असायची, तिथे तो पहिल्याच दिवशी येऊन बसला आणि मॅट्रिकपर्यंत उठला नाही. सायकल मला त्यानंच शिकवली. गुडघे माझे फुटले आणि रडला तो. पहिल्यांदा त्याच्या घरी गेलो तेव्हा त्याच्या आईनं मला ओसरीच्या बाहेर वेगळ्या पितळीत चहा दिला. माझं पिऊन झाल्यावर केशवनं तीच पितळी पुढे केली आणि स्वतःचा चहा तिच्यात ओतून घेतला. म्हातारी महिनाभर त्याच्याशी बोलली नाही, पण त्यानंतर त्या घरात माझी वेगळी पितळी कधी निघाली नाही. त्याच्यात दोष एकच होता आणि आम्ही त्याची थट्टा करायचो. कोणाच्या तोंडावर त्याला 'नाही' म्हणता येत नसे. एकदा एकाच मुहूर्तावरच्या दोन लग्नांना, एक आर्वीला आणि एक तळेगावला, त्यानं येतो म्हणून सांगितलं आणि घरी बसून राहिला. दोन्हीकडच्यांनी त्याला माफ केलं. त्याला माफ करायची सगळ्यांना सवयच होती.

छप्पन्नच्या दसऱ्याला आमची वस्ती नागपूरला धम्मदीक्षेला गेली. माझ्या वडिलांना चालवत नव्हतं, तर केशव पहाटे सायकल घेऊन आला आणि त्यांना मागे बसवून मोटारीपर्यंत घेऊन गेला. परत आलो तेव्हा गावाची तोंडं बंद झालेली. मेलेली ढोरं ओढायची नाहीत हे आम्ही ठरवलं होतं, आणि गावानं आमच्याशी बोलायचं नाही हे ठरवलं होतं. त्या आठवड्यात वस्तीत येऊन आमच्या पंगतीला बसला तो एकटा केशव.

म्हणून पुढच्या फेब्रुवारीत तो विधानसभेला अपक्ष उभा राहिला तेव्हा मी विचारही केला नाही. समोर होते भय्यासाहेब. जुनं मालगुजाराचं घराणं, पाच-सात गावांत शेती, मोठ्या पक्षाचं तिकीट, आणि नात्यानं केशवचे लांबचे मामा. मागच्या निवडणुकीत त्यांचा दिवाणजी वस्तीत आला होता आणि त्यानं सांगितलेल्या पेटीत जमेल तसे मुकाट्यानं कागद टाकले होते. या खेपेस आपल्या मनानं टाकायचं, असं मी घरोघर सांगत फिरलो. पहिल्यांदाच आम्ही कोणाच्या सांगण्यावरून नाही तर... आता लिहिताना लाज वाटते, कारण तेव्हाही ते माझ्या सांगण्यावरूनच होतं.

मतदानाची पद्धत वाचकांना ठाऊक आहेच. कागदावर खूण काही करायची नसते, पडद्याआड प्रत्येक उमेदवाराची वेगळी पेटी, तिच्यावर त्याचं चित्र, आणि आपल्या माणसाच्या पेटीत कागद टाकून बाहेर यायचं. केशवचं चित्र सायकल होतं. मागच्या वेळी आमच्या कित्येक बायांनी पेटीला हात जोडले, कागद वरच ठेवला आणि तो बाद झाला. म्हणून मी तीन रिकामे डबे आणले, झाकणांना फटी पाडल्या, वर चित्रं काढून चिकटवली आणि आईच्या जुन्या लुगड्याचा पडदा करून समाजमंदिरात मांडले. कागदाऐवजी पळसाची पानं. रोज संध्याकाळी बायाबाप्ये रांगेनं आत जायचे, आणि मी डबा उघडून पानं मोजायचो. भागाआजी सर्वांत हट्टी. तिला डोळ्यांनी कमी दिसायचं, तर तिनं बोटानं चाचपून ठरवलं की सायकलचा डबा उजवीकडून दुसरा. मी डब्यांची जागा बदलली तेव्हा तिनं मला शिव्या घातल्या आणि मग चित्राला नाक लावून ओळखायला शिकली. शेवटच्या दिवशी एकही पान चुकलं नाही. केशव ते पाहायला आला होता. भागाआजीनं त्याच्या गालावरून हात फिरवून आपल्या कानशिलांवर बोटं मोडली.

मतदानाच्या दिवशी मी छातीला सायकलचा बिल्ला लावून शाळेच्या ओट्यावर त्याचा प्रतिनिधी म्हणून बसलो. दुपारपर्यंत अख्खी वस्ती येऊन गेली. भागाआजी बाहेर आली ती शाई लागलेलं बोट मला दाखवत. त्यानंतर आर्वीकडून आलेला एक ओळखीचा मापारी माझ्यासमोर थांबला, बिल्ल्याकडे पाहत राहिला आणि म्हणाला, "अजून हितंच बसून राह्यला का बाप्पा? तुहा केशवराव तं परवाच बसला ना."

नाव मागे घ्यायची मुदत केव्हाच टळली होती, म्हणून पेटी कायद्यानं मांडलेलीच होती. माणूस मात्र भय्यासाहेबांना पाठिंबा देऊन बसला होता. दोन दिवसांपूर्वी जातीच्या वडीलधाऱ्यांनी त्याला भय्यासाहेबांच्या वाड्यावर बोलावलं, घरातली भांडणं घरात मिटवू म्हणाले, पुढं शपथेचा बेलभंडारा ठेवला, आणि तोंडावर नाही म्हणता न येणाऱ्या माझ्या मित्रानं तो उचलला. बाकी सगळ्या गावांना निरोप गेले. आमच्या गावाला आला नाही. सायकलनं दोन तासांचा रस्ता, आणि दोन दिवस हातात होते. तासाभरानं भय्यासाहेबांची जीप शाळेसमोर थांबली, तिच्यात केशव होता. त्यानं मला पाहिलं. मग हात जोडून नमस्कार केला, अनोळखी मतदाराला करतात तसा.

मोजणीत पेट्या गावागावांच्या वेगवेगळ्या उघडल्या गेल्या. सायकलच्या पेट्या सगळीकडे जवळजवळ रिकाम्या निघाल्या, एक सोडून. कोणी कुणाला मत दिलं हे कळत नसतं म्हणतात, पण आमच्या वस्तीचं साऱ्या तालुक्याला कळलं. जिंकलेल्यांनी एक शब्द वाकडा काढला नाही. गव्हाच्या सवंगणीला मात्र आमच्या वस्तीतलं एक माणूस बोलावलं नाही. आमच्या दारावरून परगावच्या मजुरांच्या बैलगाड्या शेतात गेल्या, आणि आमच्या बाया विळे घेऊन कामाच्या शोधात चार-चार कोस चालल्या. भागाआजीला चालणं शक्य नव्हतं. ती ओट्यावर बसून असायची. एका सकाळी तिनं मला हाक मारली. मला वाटलं शिव्या देईल, मला त्या हव्याही होत्या. ती शांतपणे म्हणाली, "बाबू, तू सांगतलं म्हनून टाकलं. पुढच्या बारीले तू नोको सांगजो." त्यानंतर वस्तीत माझ्याशी सगळे नीट बोलतात. सल्ला कोणी विचारत नाही.

केशव मला एकदाच भेटला, कापसाच्या बाजारात. दोघंही चुकवायला पाहत होतो आणि नेमके समोरासमोर आलो. बसलास ते एक वेळ समजू शकतो, मी म्हटलं, पण निरोप का नाही धाडलास? "सांगतो सुखदेव, एक दिवस येऊन सांगतो," एवढंच तो म्हणाला. मी नेहमीप्रमाणे विश्वास ठेवला.

तेराव्यानंतर मी त्याच्या घरी गेलो. वहिनींनी आतल्या खोलीत बसवलं. खुंटीला त्याचा काळा कोट होता. मोजणीच्या दिवशी घातला तो शेवटचा, त्या म्हणाल्या. पुन्हा अंगात चढवला नाही, पण दर रविवारी स्वतः उन्हात टाकायचा, झटकायचा आणि परत टांगायचा. या रविवारी तो त्यांनीच टाकला होता. आतल्या खिशातून त्यांनी एक घडी घातलेला कागद काढून माझ्या हाती दिला. केशवच्या अक्षरात गावांची नावं आणि पुढे मतांचे आकडे. तीन. पाच. कुठे शून्य. आमच्या गावापुढे एकशे अकरा, आणि त्याभोवती पेन्सिलीनं गोल.

"तुमच्याकडे गडी पाठवाचा होता तवा," वहिनी म्हणाल्या, "मीच भाकर बांधून देल्ली त्याले. मंग हे म्हनाले, राहू दे. येका तरी गावात माह्यी पेटी रिकामी नोको निघू." त्यांना वाटलं, हे ऐकून मला बरं वाटेल. डोळे पुसून त्यांनी आणखी सांगितलं, "हा कागद काढून मले दाखवत. म्हनत, पाय, इतकी मानसं माह्यी होती."

मी कागद त्याच्या जुन्याच घडीवर दुमडला, कोटाच्या खिशात होता तसा ठेवला, आणि चहा घेतला. त्या घरात मला आता काही सांगायचं नव्हतं. वहिनींचा काय दोष... ज्याला सांगायचं तो नाही, म्हणून इथे लिहितो. केशव, ती एकशे अकरा माणसं तुझी नव्हती. माझी होती. आता ती माझीही नाहीत.