प्लायवूडच्या टाकीखालचं पाणी

मंडळी, आज दुपारी मी आणि बाबा बाहेरून आलो, दार उघडलं तर हॉलभर पाणी.

निवृत्तीनंतर बाबांनी माशांसाठी प्लायवूडची चार फुटी टाकी घरीच बनवली. आतून पाणी झिरपू नये म्हणून इपॉक्सीचा लेप, समोर काच. गळते का बघायला कालच भरली होती. "प्लायवूडमध्ये पाणी राहतं का कुठे?" असं मी महिनाभर म्हणत होते.

आमचं तारनाक्याचं घर दुसऱ्या मजल्यावर. खालच्या आंटी मागोमाग वर आल्या, "हमारी छत टपक री जी." मी चपला न काढताच बाबांवर ओरडले.

बाबांनी फक्त काल पाण्याच्या पातळीची खूण म्हणून काचेवर लावलेली चिकटपट्टी दाखवली. काल पाणी जिथे होतं, तिथेच होतं.

तेवढ्यात स्वयंपाकघरातून धारेचा आवाज आला. आमच्याकडे एक दिवसाआड पाणी येतं. आलेलं कळावं म्हणून नळ उघडा ठेवून खाली रिकामी बादली ठेवायची माझी सवय. आज तो तसाच सोडून मी बाहेर पडले होते.

बाबांची टाकी गळली नव्हती म्हणून इतका जीव भांड्यात पडला की आंटींची माफी मागतानाही मला हसू येत होतं.

फडकं पिळताना बाबा म्हणाले, "मासे कधी आणू या?"

खरं सांगा, घरात पाणी दिसलं की तुम्ही आधी नळाकडे बघता की बाबांकडे?