घोड्याचे मागचे पाय

आमच्या परंड्यातल्या पळण्याच्या मंडळाचे फोटो कुणी कौतुकानं काढून दाखवू लागलं, की मला शिसारी येते. बघणारे हसतात. "काय धमाल होती हो तुमची," म्हणतात. धमाल कसली डोंबलाची. धडधाकट, मिसरूड फुटलेले गडी तोंडं वेंगाडून उभे आहेत, आणि का, तर साहेबानं हसावं म्हणून.

मंडळ निजामी अमलातलं. पहाटे किल्ल्याच्या खंदकाभोवती फेऱ्या मारायच्या, मग सोनारीच्या रस्त्यानं ओढ्यापर्यंत जाऊन परत यायचं. काढलं होतं वकिलाच्या मुलानं. तो हैदराबादेत शिकून आला तो अर्धी चड्डी आणि कॅनव्हासचे बूट घेऊनच. त्यामुळे कप्तान तोच. पळताना तो ओढ्याच्या अलीकडूनच माघारी वळायचा, पण शिट्टी त्याच्या गळ्यात असायची.

तेव्हा चार तरुण एकत्र जमले तरी कचेरीत कुजबुज सुरू व्हायची. तालीम म्हटलं की संशय. कप्तानानं वडिलांच्या ओळखीनं मंडळाला इजाजत मिळवली, ती दर वर्षी नव्यानं घ्यावी लागे. त्याच्याच सुपीक डोक्यातून निघालं, की अर्जाला फोटो जोडायचा आणि तो चेष्टेचा असला पाहिजे. छाती काढून रांगेत उभे राहिलो तर ती कवायत वाटेल. माकडचेष्टा करताना दिसलो, तर अंमलदार हसून सही करेल. असला फोटो कचेरीनं कधी मागितला नव्हता. पण पहिल्याच वर्षी साहेब म्हणे खरोखर हसला. मग काय, कप्तानाच्या अंगात आलं. पळणं राहिलं बाजूला, पुढच्या फोटोत काय सोंग आणायचं याचीच खलबतं व्हायला लागली.

फोटोवाला ब्रिटिश हद्दीतल्या बार्शीहून यायचा, लाकडी पेटी, तिकाटणं आणि काळं फडकं घेऊन. फोटो उमटायच्या काचा मोजक्याच आणायचा. फोटोच्या दोनच प्रती निघत. एक अर्जाला लागे, दुसरी कप्तानाच्या घरी जाई.

आमच्यात एक धनगराचा मुलगा होता. रोज पहिला यायचा, म्हणून आम्ही त्याला पयला म्हणायचो. अनवाणी पळायचा. धाप लागलेला त्याला मी कधी पाहिला नाही. परतल्यावर आम्ही गुडघ्यांवर हात ठेवून वाकलेले असायचो आणि हा मेंढरं सोडायला घराकडं निघालेला असायचा. कप्तानाला हे बघवत नव्हतं. तोंडानं बोलायचा नाही, सूड फोटोत काढायचा.

पहिल्या वर्षी लग्नाचं सोंग होतं. पयला अंगानं बारीक, म्हणून तो नवरी, पदर हनुवटीपर्यंत ओढलेला. दुसऱ्या वर्षी त्याला हातांवर उलटं उभं केलं. डोकं हललं आणि चेहऱ्याच्या जागी नुसता पांढरा फराटा आला. तिसऱ्या वर्षी घोडा. पुढचे पाय मी, तोंडावर पोत्याचं मुंडकं. मागचे पाय कुणाचे, हे विचारायचीही गरज नव्हती. "घोंगडं तुझं, तूच शीर आत," कप्तान म्हणाला आणि सगळे फिदीफिदी हसले. मग तो स्वतः चाबूक घेऊन आमच्या पाठीवर बसला.

घोंगड्याखाली अंधार होता, लोकरीचा वास होता. फोटोवाला फडक्यात डोकं घालून "हलू नका" म्हणत होता. पयला माझ्या कमरेला धरून वाकला होता. तो हळूच म्हणाला, "आवंदा तरी त्वांड यील वाटलं व्हतं. आईला दावायचं व्हतं."

त्याच्या आईनं फोटो कधी बघितला नव्हता. माणसाचं तोंड कागदावर उमटतं, हे तिला लेकानंच सांगितलेलं. तेव्हापासून तिनं ध्यास घेतला होता. बाजारात भेटली की मला विचारायची, माझ्या लेकाचं तोंड कधी बघायला मिळायचं? मी ते कप्तानाच्या कानावर घातलं. पुढच्या वर्षी बघू, म्हणाला. पुढच्या वर्षी फोटोच निघाला नाही. रझाकारांचा धुमाकूळ सुरू झाला, इजाजत गेली, मंडळ मोडलं आणि कप्तान चंबूगबाळं आवरून सोलापूरला नातेवाइकांकडं जाऊन बसला.

पोलीस ॲक्शनच्या आधीच्या उन्हाळ्यात पयला तापानं आजारी पडला. डॉक्टर बार्शीला, आणि नाक्यावर रझाकार माणसं अडवत होते. आमच्यातला सगळ्यात वेगानं पळणारा गडी बैलगाडीत निजून नाक्यापर्यंत गेला आणि तसाच माघारी आणावा लागला. चौथ्या दिवशी गेला.

निजामाचं राज्य गेलं, रस्ते मोकळे झाले, तशी त्याची आई माझ्या दुकानाच्या पायरीशी येऊन बसली. रडली नाही. म्हणाली, "दादा, त्याचा फोटू हाय म्हनं तुमच्यात. एक डाव त्वांड बघू द्या." तिच्याशी खोटं बोलवेना. तीन फोटो आहेत, पण चेहरा एकातही नाही, शेवटच्या घोड्याच्या फोटोत तर तो घोंगड्याखाली आहे, असं मी सांगितलं. ते तिला खरं वाटेना. लेक तर दर साली फोटोला जायचा, अंघोळ करून, धुतलेला सदरा घालून जायचा.

मी कप्तानाकडं गेलो. तो आता खादीत होता. ऐकून हळहळला वगैरे, आणि लगेच त्याला कल्पना सुचली. घोड्याच्या फोटोची प्रत घेऊन तो बार्शीला गेला आणि आठ दिवसांनी मला बरोबर घेऊन धनगरवाड्यावर आला. म्हणाला, बघच तू आता. म्हातारीच्या दारात त्यानं कागदाची गुंडाळी सोडली. मुंडासं बांधलेला, खांद्यावर घोंगडं घेतलेला रुबाबदार तरुण होता. मिशी शाईनं काढलेली. मी नीट बघितलं. तोंड कप्तानाचं होतं. घोड्यावर बसून हसलेलं तेच तोंड फोटोवाल्यानं उचलून दुसऱ्याच कुणाच्या तरी धडावर बसवलं होतं. "म्हातारीला काय कळतंय," तो माझ्या कानाशी पुटपुटला. वर तिला मोठ्यानं म्हणाला, "घ्या मावशी, तुमचा लेक."

इतकी किळस मला माणसाची कधी आली नाही. मेलेल्या पोराचं तोंड म्हणून स्वतःचं तोंड आईच्या हातात देणारा हा प्राणी, आणि चेहऱ्यावर उपकार केल्याचं समाधान. माझ्या तोंडून शिवी निघणार होती, तेवढ्यात म्हातारीनं कागद उजेडाला धरला. एकदा कागदाकडं बघितलं, एकदा कप्तानाकडं.

"ह्ये तर तुमीच की," ती म्हणाली.

मग तिनं कप्तानाच्या काखेतला घोड्याचा मूळ फोटो मागितला. तो द्यायला तयार नव्हता, मी ओढून दिला. ती उंबऱ्यात बसली. घोंगड्याखालून निघालेल्या चार पायांवरून तिनं बोट फिरवलं आणि मागच्या दोन पायांवर ते थांबलं. डाव्या पोटरीवर कुत्र्यानं तोडल्याची खूण होती. फोटोत ती दिसत होती की नाही, मला आजही सांगता येणार नाही. तिला दिसली.

ती उठली. वळचणीला मेंढरांची लोकर कातरायची कातर खोचलेली असते, ती तिनं काढली आणि फोटो आडवा धरून घोड्याच्या पोटातून सरळ कापला. कप्तान, चाबूक, घोड्याची पाठ असला वरचा तुकडा तिनं त्याच्या हातात दिला.

"ह्ये तुमचं तुमी घिऊन जावा."

खालच्या तुकड्यात माझेही पाय होते. तेवढे कापून टाका, असं मी म्हणालो. तिनं मान हलवली. "ऱ्हाऊ द्या. त्यो तुमाला धरून हुबा हाय."

नंतर बऱ्याच वर्षांनी एका कामासाठी मला कप्तानाच्या घरी जावं लागलं. तोवर तो मोठा माणूस झाला होता. बैठकीत त्यानं तो वरचा तुकडा चौकट करून लावला होता. हातात चाबूक, चेहऱ्यावर हसू, आणि बुडाखाली अर्धवट तुटलेलं घोंगडं. आलेल्या पाहुण्यांना तो सांगत होता, की पळण्याचं मंडळ हे वरवरचं नाव, आत आमची गुप्त कवायत चालायची. मग माझ्याकडं बोट करून म्हणाला, विचारा यांना, हेही होते त्यात. पाहुण्यांनी विचारलं, खालचा भाग कुठं गेला?

"तो महत्त्वाचा नव्हता," कप्तान म्हणाला.

मी म्हणालो, तो पयल्याच्या आईच्या देव्हाऱ्यात आहे. कपातला चहा तसाच ठेवला आणि काम न सांगता उठून आलो.