व्यंकटरावांच्या डब्यातले अज्ञात गायक

आमच्या शेजारचे व्यंकटराव जिंतूरच्या तहसीलमध्ये रेकॉर्ड सांभाळून रिटायर झाले आणि बोरीला येऊन गावाचं गाणं सांभाळायला लागले. घरोघरच्या भजनांच्या जुन्या कॅसेटी त्यांनी कॉम्प्युटरवर उतरवल्या आणि वायफायच्या यंत्राला जोडलेल्या एका काळ्या डब्यात भरल्या. नेटवर्क ड्राइव्ह म्हणतात त्याला. घरातल्या कुठल्याही फोनवरून हवं ते भजन लावा. सुनेत्रावहिनी म्हणतात, "सकाळपासून डबाच पुसायलाय हा माणूस. माझ्या मिसळणाच्या डब्याला कधी हात लावला न्हाई!"

'मला माहीत नाही' हे वाक्य या गृहस्थांच्या तोंडून मी वीस वर्षांत ऐकलेलं नाही. घोटाळा झाला तो त्यामुळंच. लेकीनं, निवेदितानं, नावं आपोआप नीट लावणारं सॉफ्टवेअर बसवून दिलं आणि बजावलं, "बाबा, आधी दुसरीकडं नक्कल ठेवा." बाबांनी थेट बटण दाबलं. बोरीचे गवई सॉफ्टवेअरला कुठून ठाऊक असणार? चारशे बारा भजनं एका ढिगात, आणि प्रत्येकापुढं एकच: 'अज्ञात गायक'.

त्याच दुपारी सगुणाबाई दारात. "भाऊजी, उद्या आमच्या ह्यांचं वर्षश्राद्ध हाय. त्यांचं एक भजन लावता का?"

सगुणाबाईंच्या नवऱ्याचा, माणिकरावांचा, आवाज आता त्या डब्यातच होता. मूळ कॅसेट बुरशीनं गेलेली.

मी हळूच म्हटलं, "आता चारशे बारा ऐकत बसा. पुढच्या वर्षीच्या श्राद्धाला सापडंल."

व्यंकटराव उसळले, "तुमी गप बसा. सगळ्यात आधी उतरवलेली कॅसेट ह्यांच्याच अंगणातली. तारखेनं लावलं की वर येती. भजनात पाळी बसल्या जागेनं फिरती, अन् माणिकराव कायम पखवाजाच्या बाजूला, तिसरे."

तिसरं लावलं. रेडा गोठ्यात घुसावा तसा तात्यारावांचा आवाज! सगुणाबाईंचा चेहरा उतरला.

व्यंकटराव जराही हलले नाहीत. "ह्या तात्यारावाला दुसऱ्याच्या पाळीत घुसायची खोडच हाय. म्हणजे माणिकराव चौथे."

चौथं लावलं. बारीक, गोड आवाज. मधेच ठसका, आणि मागं वळून मारलेली हाक, "अगं ए, जरा चहा टाक गं!"

सगुणाबाई डब्याजवळ सरकून बसल्या.

व्यंकटराव म्हणाले, "वहिनी, ठसका अन् चहा कापून देतो. साफ करून."

"कापून तर बघा! भजन समद्या गावाला ऐकवलं त्यांनी. चहा माझ्याजवळच मागितलाय."

श्राद्धाला ते चहासकट वाजलं. आता रोज दुपारी सगुणाबाई एकेक भजन ऐकून गवयाचं नाव सांगतात आणि व्यंकटराव टाइप करतात. आधी नक्कल ठेवून, बरं का. नवऱ्याचा आवाज लागला की बाई नाव घेत नाहीत, "हे घरचे" एवढंच म्हणतात. व्यंकटरावही विचारत नाहीत. त्यांना माहीत असतं.