तेराच्या पाढ्यातला खोकला

सावनेरहून नागपूरला निघालात तर सकाळची पहिली एसटी धरा. उशीर केलात की दारात लोंबकळावं लागतं. आम्ही पहिलीच धरली, तरी टपावरचं सामान नीट बांधलेलं नाही म्हणून मी अर्धा रस्ता वर पाहत होतो. वर शोभाची ट्रंक होती.

शोभा माझी धाकटी मुलगी. डी.एड. झालेली. गावच्या शाळेत तिची नोकरी पक्की होत आली होती, आणि हिला इतवारीतला एक शिकवणी वर्ग चालवायला घ्यायचा होता. तिथले मास्तर दसऱ्याच्या आधी वारले. खोली भांड्यांचं गोदाम करायला एक दुकानदार मागत होता, म्हणून त्यांच्या बायकोला, मास्तरीणबाईंना, आम्ही पोचू त्याच दिवशी हो की नाही सांगायचं होतं.

"वर्ग म्हणजे धंदा असते वं," मी म्हटलं. "त्याले जिगर लागते. तू माझी पोरगी. कुलूप तीनदा ओढून पाह्यते."

"पुस्तकात दोन गोष्टी सांगितल्या आहेत, बाबा. मूल शिकतं कसं ते ओळखावं, आणि आपला स्वभाव ओळखावा. बाकी धंदा मागून येतो."

स्टँडबाहेर तर्रीपोहे खा, पण तर्री बेताची घ्या. मला दिवसभर जळजळ झाली. इतवारीला सायकलरिक्षा करा आणि भांडेगल्लीच्या तोंडाशीच उतरा, आत हातगाड्यांत रिक्षा अडकते. पितळ ठोकण्याचा आवाज एवढा, की आपलंच बोलणं ऐकू येत नाही.

वर्ग माडीवर. जिना चढताना ठोकठोक मागे राहिली आणि वरून पाढा ऐकू आला. शिकवायला कुणी नसताना.

"येतात आन् बसतात," दारातल्या मास्तरीणबाई म्हणाल्या. "मायबाप दुकानात. जातीन कुठी?"

मुलं भिंतीकडे तोंड करून म्हणत होती. तेरा सक अठ्ठ्याहत्तर. तेरा साते एक्क्याण्णव. मग सगळी एकदम खोकली. कोरडा, म्हाताऱ्या माणसाचा खोकला. प्रत्येकाचा हात वर गेला आणि नाकावर नसलेला चष्मा सरकवून खाली आला. तेरा आठे चारोदरसे, म्हणजे एकशे चार.

मी उंबऱ्यातच थांबलो.

"यायची, मास्तरायची सवय होती थे," मास्तरीणबाई हळूच म्हणाल्या. "तिथंच खोकत. पण थे लहानी पाह्यली का, भाऊ? दिवाळीनंतर आली थे. मास्तरायले तिनं पाह्यलं बी नाही."

शोभा त्या लहानीजवळ बसली. "काहून खोकलीस गं?"

पोर गोंधळली. "बाई, थो पाढ्यातच हाय."

मी शोभाला जिन्यात ओढलं. "चाल घरी. गोदाम होऊ दे याचं."

"भुताचं काही नाही, बाबा. याला अनुकरण म्हणतात. मोठी मुलं खोकतात, धाकटी उचलतात. मास्तर काय शिकवतो त्याआधी मास्तर शिकला जातो." तिनं माझ्या हातातून मनगट सोडवलं. "आणि मी कुलूप तीनदा ओढते, ते कुणी शिकवलं होतं मला?"

तिनं हो सांगितलं. ट्रंक माडीवर गेली. मी संत्र्याची बर्फी घेऊन एकटाच परतलो. डाव्या बाजूला बसू नका, सावनेर येईपर्यंत ऊन तोंडावर असतं.

संक्रांतीला शोभा घरी आली. चेहरा उजळलेला. एक्क्याण्णव आलं की ती टाळी वाजवायची, जो खोकणार नाही त्याला बोरं द्यायची. वर्ग भरला होता, सतरंजीवर बसायला जागा उरली नव्हती.

"खोकला गेला, बाबा. एकही पोर खोकत नाही."

तिळगूळ करता करता ती मला म्हणूनही दाखवू लागली. तेरा सक अठ्ठ्याहत्तर. तेरा साते एक्क्याण्णव. टाळी वाजली. खोकला खरंच नव्हता.

पण तिचा हात वर गेला, नाकावर नसलेला चष्मा सरकवून पुन्हा परातीत आला. तिला पत्ताही नव्हता. ती तीळ चाळत राहिली, पुढचं म्हणेना, जणू कुणाचा तरी खोकला आवरायची वाट पाहत असावी.

तेरा आठे चारोदरसे, मीच घाईनं म्हणून टाकलं.